मंगळवारची हौसा

उन्नतीने आधी चपला ओळखल्या. दवाखान्याचा जिना चढून पहिल्या मजल्यावर येताना डोळे व्हरांड्याच्या फरशीच्या पातळीवर आले की बाकाखालची पायांची रांग समोर यायची. माणसं नंतर, पाय आधी. भेगाळलेले, मेंदी लावलेले, मोज्यांतले, एकावर एक चढवून हलत राहिलेले. आठवड्यातून दोन दिवस ती हे पाय बघत वर यायची, आणि कुठले पाय आज बोलतील, कुठले नुसते बसून परत जातील, याचा मनाशी अंदाज बांधायची. त्या मंगळवारी रांगेच्या टोकाला तिच्याच जुन्या चपला होत्या. कॉलेजच्या पहिल्या वर्षी घेतलेल्या, उजव्या पायाचा पट्टा कामतघरच्या चांभाराने चुकून तपकिरी दोऱ्याने शिवलेला. आपल्या चपला आपल्या आधी इथे कशा येऊन बसल्या, असं क्षणभर तिला वाटलं, अगदी खरंच वाटलं. मग आणखी दोन पायऱ्या चढल्यावर जांभळी साडी दिसली, हळदीकुंकवाला नेसायची, आणि साडीच्या वर आईचा चेहरा. हौसाने तिच्याकडे पाहिलं. मग समोरच्या भिंतीवर डासांपासून बचावाचं एक पोस्टर होतं, त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं इतकं सहज होतं, अनोळखी बाई अनोळखी मुलीवरून नजर पुढे नेते तसं, की उन्नतीला हाक मारायला उघडलेलं तोंड तसंच मिटावं लागलं.

दार उघडलं. माधवी मॅडम चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "हौसाताई, या."

हौसाताई. या नावाने आईला कोणी हाक मारलेली उन्नतीने आजवर ऐकली नव्हती. घरात ती आये होती, बाबांसाठी "अगो" होती, शेजाऱ्यांसाठी प्रितेशची आय. ताई म्हटल्यावर बाकावरून उठलेली बाई थोडी उंच वाटली. आत जाताना तिने पदर सारखा केला नाही, इकडेतिकडे पाहिलं नाही. तिला ती खोली माहीत होती. खुर्ची कुठे आहे, दार आत उघडतं की बाहेर, हे माहीत असलेल्या माणसासारखी ती आत गेली. मॅडम दारातून उन्नतीला म्हणाल्या, "तू आबिदाबाईंशी बोल, शेजारच्या खोलीत. झोपेचं नीट विचार," आणि दार लागलं.

आबिदाबाई गावातल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या. घरचा यंत्रमागांचा कारखाना, मुलगी लग्न होऊन परदेशी, आणि गेल्या ईदपासून झोप उडालेली. उन्नतीने शिकवल्याप्रमाणे खुर्ची थोडी तिरपी ठेवली, पाठ किंचित पुढे घेतली, "तुम्हाला हवं तिथून सुरू करा" म्हणाली. आबिदाबाई बोलू लागल्या आणि उन्नतीचे कान भिंतीतून पलीकडे गेले. भिंत पातळ होती, प्लायवुडची. शब्द येत नव्हते, नुसता आवाज येत होता, आणि तो आवाज आईचा नव्हता. आई मोठ्याने बोलते. घरामागे मागांची शेड, जन्मभर त्या खडखडाटावर चढवून बोलल्यामुळे घरातले सगळेच ओरडून बोलतात. कॉलेजात पहिल्या दिवशी उन्नतीला कुणीतरी विचारलं होतं, तू रागावली आहेस का? पलीकडचा आवाज मात्र बारीक होता, एका लयीत चाललेला, मध्येच थांबणारा. दाणे निवडावेत तसा. मॅडमचा आवाज क्वचित. मग बराच वेळ काही नाही. ते काही नसणं सगळ्यात वाईट होतं. वर्गात शिकवलेलं होतं की शांततेला घाबरायचं नाही, शांतता भरून काढायची नाही, ती पेशंटची असते. तिच्या वहीत हे वाक्य अधोरेखित होतं. ती शांतता आपल्या आईची असू शकते, हे कोणी शिकवलं नव्हतं.

"बेटा," आबिदाबाई म्हणाल्या, "तुजा लक्ष नाय."

"आहे. बोला ना."

"नाय. जा, पानी पिऊन ये. मी हाय इथं. मना कुटं जायचंय?"

उन्नती उठली, व्हरांड्यातल्या माठातलं पाणी प्यायली, आणि परत आली तेव्हा मॅडमची खोली रिकामी होती. दार उघडं, पंखा चालू. आई जिन्याने गेली असेल तर माठाजवळूनच गेली असणार; म्हणजे आपल्या पाठीमागून गेली. आबिदाबाईंची झोप त्या दिवशी नीट विचारली गेली नाही.

दुपारी ओपीडी संपल्यावर ती मॅडमसमोर उभी राहिली. माधवी मॅडम या ट्रस्टच्या दवाखान्यात बरीच वर्षं होत्या. भिवंडीत मनाच्या आजाराला डॉक्टर मिळतात, गोळ्या मिळतात, बसून ऐकणारं कोणी मिळत नाही म्हणून, असं त्या सांगायच्या. उन्नतीने समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात दुसऱ्या वर्षाला मानसोपचाराची शाखा घेतली आणि फील्डवर्कला इथेच हट्टाने मागून घेतलं ते या बाईंसाठी. पुढे आणखी दोन वर्षं शिकायचं, मनोविकार रुग्णालयात, बंगळुरूला नाहीतर रांचीला, आणि मग अशी स्वतःची एक खोली, तिरप्या दोन खुर्च्या, असं काहीसं तिच्या डोळ्यांसमोर होतं. निदान सकाळी जिना चढायच्या आधी होतं.

"मॅडम, त्या हौसाताई. ती माझी आई."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मला माहीत नव्हतं," त्या सावकाश म्हणाल्या. "इथे दर तिसरा माणूस पाटील. मुलगी शिकते एवढंच त्या…" आणि थांबल्या. जेवढं निसटलं तेवढ्याचाही त्यांना राग आला असावा, स्वतःचा.

"ती कधीपासून येते?"

"उन्नती."

"निदान आजार काय आहे ते…"

"उन्नती," मॅडम पुन्हा तेवढंच म्हणाल्या. तिला कळलं. हाच प्रश्न कुणा पेशंटच्या मुलीने टेबलाच्या त्या बाजूने विचारला असता तर तिने स्वतः, मान थोडी कलती करून, हेच केलं असतं. कलत्या मानेची ती माया आपल्यावर आली की किती थंड लागते, हे तिला बाहेर रस्त्यावर आल्यावर जाणवलं. मंडईतून रिक्षा मिळेपर्यंत ती चालत राहिली, आणि चालता चालता आईबद्दल आपल्याला काय काय माहीत आहे ते जमवू लागली. ते फारच थोडं निघालं. आई वज्रेश्वरीकडची. आईला सुक्या मासळीतल्या वाकट्या आवडतात, पण सगळ्यांचं झाल्यावर उरल्या तर. आई पूर्वी लग्नांत धवले गायची. हळदीच्या मांडवात तिच्याभोवती बायका गोळा व्हायच्या, आणि नंतर कधीतरी ती गायची थांबली. कधी? कोणाच्या लग्नापासून? उन्नती चौथीत असताना आई माहेरी गेली होती ती लवकर परत आलीच नाही. आजीकडे गरम पाण्याच्या कुंडात अंघोळी केल्याने पाठीला बरं वाटतं, असं सांगितलं होतं घरात. परत आली तेव्हा केस खूप विरळ झाले होते. पाठीच्या दुखण्याने केस जातात? हे आजवर तिने विचारलं नव्हतं. कधी कधी दुपारी आई शेडच्या भिंतीला तळहात लावून उभी राहायची, आत माग चालू असताना, डोळे मिटून. लहानपणी उन्नतीही शेजारी तसाच हात लावून उभी राहायची, कारण भिंत थरथरते ते हाताला गुदगुल्यांसारखं लागायचं. आता त्या प्रत्येक आठवणीला पुस्तकातला एकेक शब्द येऊन चिकटत होता, माशीसारखा. उदासीनता. माघार. दडपलेला शोक. ती हाकलत होती आणि ते परत बसत होते. पहिल्या वर्षी वर्गात सगळ्यांना आपापल्या घराचं वंशचित्र काढायला लावलं होतं, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, व्यसन असेल तर अशी खूण, आजार असेल तर तशी. बाबांच्या चौकोनाजवळ तिने दारूची खूण मोठ्या धैर्याने केली होती आणि वर्ग गप्प झाला होता. आईचा गोल तिने कोराच ठेवला होता. आईला काही नाही, ती म्हणाली होती. आई आमची नॉर्मल आहे.

घरी आई भाकऱ्या थापत होती. तिने वर न बघता विचारलं, "मंगलवारी तुजा कॉलेज असता ना?"

"टाइमटेबल बदललं. आता फील्डवर्क मंगळवार-शुक्रवार."

"बरा," हौसा म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

आता काहीतरी बोलायला हवं होतं. बोलायला लावणं हेच तर ती शिकत होती. पण आईसमोर तिला एकही वाक्य सुचेना, जे शिकवलेलं नाही असं. तुला काय वाटतं, हे वाक्य आईला म्हणता येण्यासारखं राहिलंच नव्हतं. ते दवाखान्यातलं झालं होतं. आणि साधं, "आये, काय होतंय तुला?" हे तोंडात आलं की वाटे, हिने मी नको म्हणून दुसरी खुर्ची शोधली, आणि आपण ही खुर्ची तिच्या मागोमाग चुलीपर्यंत ओढत आणतोय. त्याच्याही खाली, तिला कबूल करायला लाज वाटेल असं काहीतरी होतं. ती हेव्याने जळत होती. मॅडमचा, की आईचा, ते मात्र तिला नक्की सांगता आलं नसतं.

पुढच्या मंगळवारी आई आली नाही. उन्नती जिना चढताना पायांकडे बघायची नाही असं ठरवून वर आली आणि पायांकडेच बघितलं. बाकाच्या टोकाला कोणी नव्हतं. ठरलेल्या वेळेला मॅडम दारात आल्या, व्हरांड्यावरून नजर फिरवली, चष्मा खाली घेतला आणि दुसऱ्या कुणाला हाक न मारता आत जाऊन बसल्या. दार उघडंच ठेवलं. त्या तेवढा वेळ रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहिल्या. कुणी आलं नाही तरी ती वेळ त्याचीच, असा त्यांचा नेम होता; उन्नतीला तो पहिल्यापासून आवडायचा. आज तो बघवेना. घरी गेल्यावर तिला दिसलं की आई कपडे वाळत घालते आहे, ज्या वेळी ती कधी कपडे वाळत घालत नाही त्या वेळी. आई नुसती जागा सोडून उठून गेली होती. बसमध्ये म्हाताऱ्याला जागा द्यावी तशी तिने पोरीला जागा दिली होती, एक शब्द न बोलता, आणि उन्नती त्या जागेवर बसून लोकांच्या आयांचं ऐकणार होती.

ती शुक्रवारी मॅडमना म्हणाली, "मला दुसरीकडे टाका."

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "हे मलाच आधी बोलायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी वाट बघत होते. चूक केली की काय कळत नाही. दोघींना एकाच ठिकाणी नाही ठेवता येत. पण तुझं नुकसान आहे. पुढच्या कोर्सच्या मुलाखतीत विचारतील, मानसोपचाराचं काम किती केलंस. अर्धं वर्ष, तेही तुटलेलं. मी लिहून देईन, पण मी जेवढं बघितलं तेवढंच लिहीन."

"ठीक आहे."

"हे तू कुणासाठी करतेस, उन्नती?"

हा सुपरव्हिजनमधला, तिचं काम तपासताना मॅडम नेहमी विचारत तसला प्रश्न होता, त्याला उत्तर द्यायची सवय होती. आईसाठी, असं ती म्हणणार होती. मग तिच्या लक्षात आलं की बाकाच्या त्या टोकाकडे दर आठवड्याला बघावं लागू नये म्हणूनही असेल. किंवा आईवर उपकार करावेत म्हणून, जे आईला कधी कळू द्यायचे नाहीत आणि म्हणून कधी फिटणार नाहीत असे. "माहीत नाही," ती म्हणाली, आणि मॅडमनी मान डोलावली, जणू ते उत्तर पुरेसं होतं.

कॉलेजने तिला वडप्याला पाठवलं. हायवेलगत गोदामं, एकामागे एक, पत्र्यांची निळी छपरं, आणि त्यात पेट्या उचलणाऱ्या, स्टिकर लावणाऱ्या पोरी. त्यांच्यासाठी एका कंपनीने हेल्थ आणि वेलफेअरचा काहीतरी प्रकल्प चालवला होता. उन्नतीचं काम म्हणजे हजेरी घेणं, हिमोग्लोबिनवर बोलणं, आणि शिफ्ट सुटताना गेटवर उभं राहून "काही अडचण?" असं विचारणं. पोरी हसून "न्हाय मॅडम" म्हणायच्या आणि बसकडे धावायच्या. त्यातल्या एका गोदामाखालची जमीन एकेकाळी बाबांची होती. कुठली, ते आता छपरांवरून सांगता येत नसे. प्रितेश, तिचा मोठा भाऊ, तिथेच गाड्या लावण्याचं काम बघायचा, आणि तो खूश होता. "इथंच चिकट आता," तो म्हणाला. "एचआरमध्ये पोरगी पायजे त्यांना, शिकलेली, इथलीच. मी बोललोय. घरून डबा, कंपनीची बस. त्या येड्यांच्या दवाखान्यात काय ठेवलाय?" उन्नतीने हजेरीचा कागद घडी करून पिशवीत टाकला. वाईट हे होतं की तिला तिथे बरं वाटत होतं. कुणी काही सांगत नव्हतं. तक्ते भरले की दिवस संपत होता. रात्री झोप येत होती. मग आपल्याला ऐकायची ओढ होती ती खरी होती की नुसती त्या खोलीची, त्या तिरप्या खुर्च्यांची हौस होती, हे तिला ठरवता येईना. घरी तिने आईला सांगितलं होतं, "मला वडप्याला टाकलं."

"कला?" आईने कारण विचारलं.

"कॉलेजचा नियम आहे. बदलतात."

हौसाने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. आणि त्या मंगळवारी जांभळी साडी पुन्हा नेसली, हे उन्नतीला संध्याकाळी दोरीवर ती साडी दिसली तेव्हा कळलं.

आई घरात काय सांगून जाते हे तिला माहीत नव्हतं. ते कळलं एका मंगळवारी दुपारी, वडप्याला, गोदामाच्या कँटीनमध्ये. ती वडापाव खात होती आणि प्रितेश समोर येऊन बसला. "आयेनं डब्यात काय दिलान?"

"डबा कुठे?"

"आये डबा घेऊन निंगाली ना सकाली. उन्नतीला डबा द्यायला जातंव बोलली." तो थांबला. "मंगलवारी दरवेली जाते."

वडापावचा घास तोंडात तसाच राहिला. म्हणजे एवढे महिने, ती त्या दवाखान्यात नसायची त्या प्रत्येक मंगळवारी, आई तिच्याच नावाचा डबा घेऊन घराबाहेर पडत होती. मुलगी शिकते हा तिचा घराबाहेर पडण्याचा रस्ता होता. तो डबा ती कुणाला द्यायची? स्वतः खायची, मंडईत कुठे उभी राहून? उन्नतीला वाटलं, आता हसू येईल. प्रितेश तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीतरी लहान मुलासारखं होतं. "आये जाते कुठं?" तो म्हणाला.

"मला काय माहीत," ती म्हणाली. ते खरं नव्हतं, पण त्यातलं जे महत्त्वाचं, ते खरंच होतं.

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले होते. रविवारी शेडमधले माग बंद असतात. शेड भाड्याने घेतलेले यहयासेठ त्या दिवशी वीज वाचवतात आणि घरात एक विचित्र शांतता असते, जिची कुणालाच सवय नाही. भांडी आपटल्यासारखी वाजतात. बाबा खाली मान घालून जेवत होते. हिरामण हे बोलणारे गृहस्थ नव्हते. जमीन गेल्यावर त्यांनी दारू धरली आणि मग एका हार्टच्या दुखण्यानंतर दारूही सोडली, आणि या दोन्हींच्या मध्ये त्यांच्याजवळ बोलायला काही उरलं नाही, असं उन्नतीला वाटायचं. त्यांनी घास खाल्ला, पाणी प्याले, आणि म्हणाले, "अगो, मंगलवारी कुठं जातंस?"

हौसा वाढत होती. तिचा हात थांबला नाही. तिने प्रितेशच्या ताटात आमटी वाढली, मग आपल्या.

"मी इचारतंय."

आई गप्पच राहिली. ती तशी किती वेळ राहू शकते हे उन्नतीने प्लायवुडच्या भिंतीपलीकडून ऐकलं होतं, आणि तिला हेही माहीत होतं की त्या खोलीत ती शांतता आईची असते, इथे नसते. इथे ती कुणीही हिसकावून घेऊ शकतो. बाबांचा आवाज अजून चढला नव्हता, चढणार होता. उन्नतीने आपला आवाज ऐकला. तो ओरडत होता, घरातल्यासारखा.

"माझ्यासाठी जाते. मी पाठवते तिला."

तिघांनी तिच्याकडे पाहिलं. आईनेही.

"मला एक केस करावी लागते. परीक्षेला आहे. एका बाईचं वर्षभर ऐकायचं, तिचं सगळं, लहानपणापासून. मला दुसरी कोण मिळणार? आये दवाखान्यात जाऊन मॅडमकडे बोलते, त्या मला शिकवतात." खोटं बोलताना ते इतकं सुबक कसं होतंय, याचं तिला आश्चर्य वाटत होतं. "मीच म्हटलं, घरात सांगू नको. तसा नियम आहे."

"बोलते काय पन?" बाबांनी विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"घरातला हाय ना? आमचाच. आमाला न्हाय सांगाचा?"

"नाही."

"बापाला?"

"कुणालाच नाही, बाबा. सांगितलं की नापास करतात."

प्रितेश हसला, पण एकटाच. हिरामण हातातला घास तसाच धरून बसले. मग, ताटाकडे बघत, अगदी वेगळ्या आवाजात, जो तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, ते म्हणाले, "माजा काय बोलली?"

तिला तेव्हा त्यांची भीती दिसली. ती नुसती दिसली नाही, अंगाला लागली, चुलीची धग लागते तशी. साठीकडे झुकलेला हा गृहस्थ इतकी वर्षं एका प्रश्नाजवळ बसून होता आणि तो प्रश्न त्याच्या बायकोला विचारण्यासारखा नव्हता. एका शब्दाने तिला त्यांना मोकळं करता आलं असतं. काही नाही बाबा, तुमचं चांगलंच बोलते, एवढंच. पण तेही तिला माहीत नव्हतं. तिला काहीच माहीत नव्हतं, आणि त्या न माहीत असण्याचीच ती राखण करत होती.

"मी सांगणार नाही," ती म्हणाली.

हिरामणनी घास ताटात ठेवला, उठले, मोरीवर हात धुतले. पाठमोरे असतानाच म्हणाले, "जाऊ दे तिला. पोरीची परीक्षा हाय." आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. प्रितेशही मग उठला.

आई भांडी घासायला बसली आणि उन्नती विसळायला. नळाला पाणी बारीक होतं. हौसाचे हात राखेने पांढरे झाले होते. घरात साबण आला तरी कढयांना ती अजून राखच लावते. तिने एक कढई घासून पुढे सरकवली आणि म्हणाली, "खोटा कला बोललीस?"

"मग काय बोलणार होते?"

"वडप्याला पन तूच मागून घेतलास. मॅडम न्हाय बोलली. मना समजला."

उन्नतीने कढई पाण्याखाली धरली. आईने आपल्याकडे बघू नये असं तिला वाटत होतं, आणि बघावं असंही. हौसाने हात तसेच गुडघ्यांवर टेकले. तिचा आवाज बारीक झाला. तोच. पलीकडचा.

"तू चवथीला होतीस," ती म्हणाली, "त्या वर्साला…"

उन्नतीला ऐकू आलं की नळातून पाणी पडतंय, ओट्यावर बाबा खाकरतायत, कुठेतरी लांब कुणाचा तरी एक माग रविवारीही चालू आहे. इतके दिवस ती या वाक्यामागे होती. रिक्षात, वर्गात, गोदामाच्या गेटवर, तिच्या अंगातलं काहीतरी सारखं कान लावून बसलं होतं. आता ते वाक्य दोन हातांवर होतं, राखेच्या हातांनी पुढे केलेलं, आणि तिला एकाएकी कळलं की आई ते सांगत नाहीये, देते आहे. खोट्याच्या बदल्यात. वडप्याच्या बदल्यात. शिकलेल्या पोरीचं देणं फेडते आहे. की तसं नव्हतंच, आणि आई खरंच पहिल्यांदा तिच्याशी बोलत होती, आणि हे सगळं कळणं म्हणजे नुसतं घाबरणं होतं? तिला ठरवायला वेळ मिळाला नाही.

"नको," ती म्हणाली. "आये, नको. मॅडमना सांग."

हौसा थांबली. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते उन्नतीला आधी समजलं नाही. तिने भुवया वर नेल्या, ओठ आत घेतले, आणि मग श्वास सोडला, इतका मोठा की खांदे खाली आले. ती हसत होती.

"बरा झाला," ती म्हणाली. "मना पन तुला न्हाय सांगाचा होता." आणि पुढची कढई ओढून घेतली.

उन्नती भांडी विसळत राहिली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. आईच्या त्या वाक्याने तिला कुठेतरी खोल लागलं होतं, आणि त्याच जागी काहीतरी सुटलंही होतं, आणि त्या दोन्ही गोष्टी एकमेकींत अशा गुंतल्या की कुठली कुठली हे कळेना. आपण आज शिकल्याप्रमाणे वागलो की मुलगी म्हणून पळालो, हे मॅडमना विचारायला हवं होतं, पण मॅडम आता तिच्या नव्हत्या. त्या आईच्या होत्या.

मंगळवारी सकाळी ती निघाली तेव्हा आई दारात तयार होती, हातात डबा. "रिक्षा एकच करू," हौसा म्हणाली. बाबा ओट्यावर पेपर घेऊन बसले होते. त्यांनी पान उलटलं. कामतघरच्या तळ्याकडून रिक्षा वळली, दोन्ही बाजूंच्या शेडमधून माग चालू झाले होते, बोलणं शक्य नव्हतं. आईचा खांदा खड्ड्याखड्ड्याला तिच्या खांद्याला लागत होता. प्रितेशच्या ओळखीच्या लोकांनी गुरुवारी भेटायला बोलावलं होतं, एचआरच्या जागेसाठी. पुढच्या कोर्सची प्रवेशपरीक्षा महिन्यावर आली होती, आणि तिने अभ्यास सुरूही केला नव्हता आणि सोडलाही नव्हता. मंडईच्या तोंडाशी आईने रिक्षा थांबवली, डबा उन्नतीच्या मांडीवर ठेवला आणि उतरली. भाजीच्या गाड्या, हमाल, सायकली यांतून वाट काढत ती दवाखान्याच्या गल्लीकडे चालू लागली. तिने मागे पाहिलं नाही. उन्नती रिक्षातून वाकून बघत राहिली, गर्दीत आधी आईचे पाय दिसेनासे झाले, मग साडी, मग डोकं, आणि तरीही ती बघत राहिली.

"मॅडम," रिक्षावाला आरशातून म्हणाला, "आगे किधर?"

तिने तोंड उघडलं. गाव तिच्या तोंडात होतं, रोजचं, साधं नाव. ते येईना. मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, रिक्षावाला थांबून होता, डबा मांडीवर गरम लागत होता, आणि ती ते नाव आठवत होती.